परदेशातील नोकरी, जुना गुन्हा आणि खरे उत्तर

सुरतेला परदेशगमनाचे अप्रूप नाही. हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेली मुगलसराई आजही शहरात उभी आहे आणि तेथून महानगरपालिकेचा कारभार चालतो. त्याही आधीपासून येथून निघणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर जहाज आणि माल जप्त होण्याचे भय असे. परक्या मुलखात जायचे तर कोणाचा तरी कागद खिशात हवा, ही गोष्ट या गावाने चारशे वर्षांपूर्वीच अनुभविली आहे. आज त्या कागदाला आपण व्हिसा म्हणतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील पोटापाण्यासाठी या गावी आले, यंत्रमागावर राबले आणि मुलांना शिकविते झाले. त्यांपैकी काही मुले आज अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात व आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांच्या पगाराच्या, घराच्या व लग्नाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. परंतु एक विषय असा आहे की तो बोलताना दार लावून घ्यावे लागते. मुलगा मद्य पिऊन मोटार चालविताना पकडला गेला, आता त्याच्या परवान्याचे काय होणार, हा तो विषय. त्याविषयी चार गोष्टी समजावून सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी घरी आले. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, “सर, पोराचं काम आहे. पण बाहेर बोलू नका.” मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर संगणकाच्या नोकरीस होता. एका रात्री मित्राकडून परतताना पोलिसांनी त्याची गाडी अडविली. रात्र कोठडीत गेली, पुढे दंड झाला आणि काही महिने गाडीचा परवाना गेला. घरी त्याने अवाक्षर कळविले नाही. नंतर वकिलातीकडून ई-मेल आला की तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. नोकरी मात्र चालूच होती, म्हणून तो गप्प राहिला. पण इकडे आईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि इकडे आलो तर परत जाता येईल की नाही, हा प्रश्न उभा राहिला. नव्या अर्जात अटकेविषयी प्रश्न होता. येथील एका एजंटाने सांगितले होते, “बिनधास्त ‘नाही’ लिहा. कोण बघतंय?” वडील मला विचारीत होते, “सर, काय लिहायचं?”

मी कायद्याचा पंडित नाही. त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, ते अर्ज आणि नियम वाचले आणि जे समजले ते त्यांना सांगितले. तेच येथे सांगतो.

व्हिसा निराळा, मुक्काम निराळा

पहिला घोटाळा शब्दांचाच होतो. अमेरिकेच्या बाबतीत व्हिसा म्हणजे दारावर दाखवायची चिठ्ठी होय, तर मुक्कामाची मुदत म्हणजे हजेरीपटावरचे नाव. चिठ्ठी वकिलात देते. हजेरीपटावरचे नाव आत गेल्यावर तेथील दुसरे खाते लिहिते, आणि ते वाढविण्यासाठी अर्ज करतो तो मालक. एच-१बीचा मुक्काम एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा व सामान्यतः एकूण सहा वर्षांचा असतो. म्हणून चिठ्ठी रद्द झाली तरी हजेरीपटावरचे नाव तेवढ्याने पुसले जात नाही, आणि माणूस तेथे काम करीत राहू शकतो. पण तो एकदा देशाबाहेर पडला की पुन्हा आत येण्यासाठी नवी चिठ्ठी घ्यावीच लागते. आमच्या विद्यार्थ्याची कोंडी झाली ती येथे.

मद्य पिऊन वाहन चालविल्याबद्दल मागील पाच वर्षांत अटक झाली असेल, तर खबरदारी म्हणून व्हिसा रद्द करण्याची मुभा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना दिली. येथे ‘अटक’ हा शब्द ध्यानात घ्यावा. त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरविलेले असावेच लागते असे नाही. ही कारवाई कागदावरच राहिली असेही कोणी समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच खात्याने सहा हजारांहून अधिक विद्यार्थी-व्हिसा रद्द केल्याचे सांगितले, आणि कायदेभंगाच्या ज्या कारणांचा उल्लेख केला त्यांत मद्यपान करून वाहन चालविणे हेही होते.

अर्जातील प्रश्न

अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात विचारतात: तुम्हांला कधीही, कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक किंवा शिक्षा झाली आहे काय? पुढे असेही म्हटले आहे की माफी मिळाली असली तरी ते सांगावे. म्हणून “खटला काढून टाकला”, “वकिलाने नोंद पुसून घेतली”, “नुसता दंड भरला” ही उत्तरे तेथे चालत नाहीत. प्रश्न ‘कधीही’ असा आहे आणि जगातील सर्व देशांविषयी आहे.

आता ‘होय’ लिहिल्याने काय होते ते पाहू. तेथील कायद्यात साधा, एकदाच घडलेला, कोणास इजा न झालेला असा हा गुन्हा सामान्यतः नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांत मोजला जात नाही. अपघात होऊन कोणी जखमी झाले असेल, गाडीत लहान मूल असेल किंवा परवाना रद्द असताना गाडी चालविली असेल, तर गोष्ट गंभीर होते. साध्या प्रकरणात प्रश्न उरतो तो प्रकृतीचा. मागील पाच वर्षांत अशी एक अटक, किंवा दहा वर्षांत दोन अथवा अधिक अटका असतील, तर अर्जदारास वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवितात. या माणसाला मद्याचे व्यसन आहे काय, आणि त्यापायी इतरांना धोका आहे काय, हे डॉक्टर पाहतो. व्यसन आढळले तर सामान्यतः बारा महिने मद्यापासून दूर राहिल्यावर पुन्हा तपासणी होते. यात वेळ जातो, पैसा जातो, पण वाट उघडी राहते.

‘नाही’ लिहिल्याने मात्र वाट बंद होते. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे घेतात, व्हिसाच्या वेळीही घेतात, आणि दोन्ही ठसे एकाच माणसाचे असतात. खोटे उघड झाले तर त्या देशात जाण्यास आयुष्यभराची बंदी लागू होते, आणि मग खास सवलत मागून दारोदार फिरावे लागते. जी चूक काही वर्षांत जुनी झाली असती, ती एका शब्दाने जन्मभराची होते.

इतर देशांचे नियम

प्रत्येक देशाचे माप वेगळे आहे. आपल्याकडे दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले की गुन्हा होतो. इंग्लंडात ही मर्यादा ८० मिलिग्रॅम असून स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ पासून ती ५० वर आणली आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८० च आहे, पण युटा राज्याने २०१८ अखेर ती ५० केली. “तिकडे चालतं” असे ऐकीव उत्तर कोणी देऊ नये.

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जात वाहनासंबंधीच्या शिक्षाही सांगाव्या लागतात. शिक्षा जुनी होऊन इतर कामांसाठी विसरली गेली असली तरी व्हिसाखाते ती विसरत नाही. अर्जात लबाडी आढळल्यास पुढील अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात.

कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर गेली. त्यामुळे हा गुन्हा तेथे ‘गंभीर’ वर्गात गेला. शिक्षा कॅनडाबाहेर झाली असेल, तर ती पूर्ण भोगून पाच वर्षे लोटल्यावर सुधारणा झाल्याचा अर्ज करता येतो. तोवर खास कारण दाखवून तात्पुरता परवाना मागावा लागतो आणि तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. सौदी अरेबिया व कुवेत येथे तर मद्यच निषिद्ध आहे. तेथे शिक्षेनंतर परकीय कामगाराची हद्दपारीही होऊ शकते.

घराजवळचा धोका

हा गुन्हा परदेशातच घडतो असेही नाही. सुट्टीवर आलेली मुले मित्रांबरोबर दमणला जातात. दमण केंद्रशासित असल्याने तेथे मद्य उघड मिळते. गुजरातेत मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तो मूळ मुंबई राज्याचा, आणि १९६० मध्ये गुजरात वेगळे झाल्यावरही येथे चालूच राहिला. परतताना वापी-पारडीच्या बाजूस पोलीस गाड्या तपासतात, वर्षअखेरीस तर फारच. तेथे पकडलेल्यावर दारूबंदीचा व मोटार वाहन कायद्याचा असे दोन्ही गुन्हे नोंदले जाऊ शकतात. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार कायद्याखाली पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मुलगा जामिनावर सुटतो, सुट्टी संपते, विमान सुटते. घरच्यांना वाटते, प्रकरण मिटले. ते मिटलेले नसते. खटला न्यायालयात पडून असतो आणि परदेशी अर्जातील ‘कधीही’ या शब्दात तो बसतो. शिवाय १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी खटला चालू असणाऱ्याला पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी आणली तर तो मिळतो, आणि न्यायालयाने मुदत सांगितली नसेल तर सामान्यतः एकाच वर्षाचा मिळतो. पासपोर्टची मुदत सरली की नोकरीचा परवानाही अडतो. म्हणून परत जाण्यापूर्वी येथील वकील नेमावा, तारखा चुकवू नयेत आणि निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवावी.

लाज आणि लबाडी

मी मुसलमान आहे. आमच्या धर्मात मद्य निषिद्ध आहे, आणि ज्या राज्यात आपण राहतो तेही दारूबंदीचे. आपला मुलगा प्याला हे शेजाऱ्यापुढे कबूल करणे आपणां सर्वांनाच जड जाते. पण विचार केल्यावर मला असे दिसले की अर्जावरचे ‘नाही’ हे अर्ज भरताना जन्मत नाही. ते घरी जन्मते. मुलगा बापाला सांगत नाही, बाप भावाला सांगत नाही, आणि शेवटी न सांगण्याचीच सवय सरकारी कागदावर उतरते. मुलाने पहिल्याच आठवड्यात घरी फोन केला असता तर वकील वेळेवर मिळाला असता, आणि एजंटाच्या पायरीवर जाण्याची पाळी आली नसती.

आणखी एक गोष्ट. एकदा घडलेली चूक आणि व्यसन यांत फरक आहे, पण तो फरक घरच्या माणसांनीच आधी पाहावा. व्यसन असेल तर तो आजार समजून उपचार करावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे आपल्याच भाषेत बोलणारी, धीर देणारी माणसे भेटतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. अटकेची नोंद, आरोपपत्र, निकाल, दंडाची पावती आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा दाखला, या सर्वांच्या प्रमाणित प्रती जपून ठेवाव्यात.
२. परदेशात नोकरीस असताना अटक झाल्यास गुन्हा कबूल करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबरच व्हिसाच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा.
३. व्हिसा रद्द झाला आहे काय, हे पाहिल्यावाचून देश सोडू नये.
४. अर्ज स्वतः वाचावा. सही आपली असते, एजंटाची नव्हे.
५. नियम बदलत असतात. अर्जाच्या दिवशी जो नियम असेल तो अधिकृत ठिकाणीच पाहावा.

आमच्या विद्यार्थ्याने ‘होय’ लिहिले. आईच्या शस्त्रक्रियेच्या आधी तो आला. मुंबईस वकिलातीत जाऊन आला, डॉक्टरची तपासणी झाली, आणि नंतर कित्येक आठवडे बिनपगारी रजेवर तो घरी बसून होता. त्या आठवड्यांत वडिलांना झोप नव्हती, कारण शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थांबत नव्हते. शेवटी व्हिसा मिळाला. सर्वांनाच तो मिळेल असे मी म्हणणार नाही. खरे बोलूनही नकार येऊ शकतो. पण खरे बोलणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

निघण्यापूर्वी तो भेटावयास आला. मी विचारले, “सगळ्यांत अवघड काय गेलं? वकिलात की डॉक्टर?”

म्हणाला, “दोन्ही नाही, सर. अब्बांना सांगणं.”