आपल्या नावापुढे काय लिहिले आहे?



आपल्या धर्मग्रामातील एक बंधू मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले आणि "तुमचे सिबिल खराब आहे" एवढेच ऐकून परतले. म्हशीसाठी घेतलेले जुने कर्ज त्यांनी सोयाबीन विकून केव्हाच फेडले होते. बेबाकी दाखला घरच्या पेटीत होता. तरीही नोंदीत कर्ज थकीतच! "फादर, लोक मला बुडव्या समजतील," असे म्हणताना त्यांचा आवाज बसला होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक साधी गोष्ट मनावर ठसली. विधान वस्तुस्थितीशी जुळले तरच ते सत्य. छापलेले आहे म्हणून ते सत्य ठरत नाही. कर्जाच्या नोंदीचेही तसेच आहे. म्हणून आधी लाज बाजूला ठेवावी आणि नोंद तपासावी.

सिबिल ही २००० साली स्थापन झालेली कंपनी. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्या कर्जफेडीची माहिती ठेवतात. बँका, फायनान्स कंपन्या आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या संस्था त्यांना ती पुरवतात. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये गुण ठरतात. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे.

अहवाल हाती आल्यावर एवढे पाहा :

१) नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व पत्ता आपलाच आहे ना? नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर येऊ शकते.

२) फेडलेले कर्ज ‘क्लोज्ड’ दिसते का? कमी रकमेत तडजोड केली असेल तर ‘सेटल्ड’ दिसेल. ती चूक नव्हे, पण पुढे कर्ज मिळताना अडचण होते.

३) न घेतलेले कर्ज दिसते का? मात्र आपण कोणाला जामीन राहिलो असू, तर ते कर्जही आपल्या अहवालात येते, हे लक्षात ठेवा.

चूक आढळली तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. कंपनी बँकेला विचारल्याशिवाय नोंद बदलत नाही. म्हणून बेबाकी दाखल्याची प्रत जोडून बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोहोच घ्या. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

"पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. खरी थकबाकी कोणी पुसू शकत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला मध्यस्थ लागत नाही. पॅन आणि ओटीपी कोणालाही देऊ नका.

त्या बंधूंनी अर्ज केला, दाखला जोडला आणि नोंद दुरुस्त झाली. मुलीच्या कर्जाचा अर्ज त्यांनी पुन्हा भरला आहे. त्या दिवशी ते ताठ मानेने बँकेत गेले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

ज्यांना मोबाइलवर अहवाल काढता येत नाही, त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबावे. आपल्या युवकांनी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसून मदत करावी. आणि घरी गेल्यावर आजच ती पेटी उघडा. बेबाकी दाखला कोठे आहे ते पाहा. सापडला नाही, तर बँकेकडून त्याची दुसरी प्रत मागून घ्या.

आपला,
धर्मग्रामाचा फादर