बियाण्याची कणगी आणि उंदीर

(गृहभेटींसाठी आणि महिला बैठकांसाठी पाठ)



मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही गृहभेटीला गेलो होतो. भातकापणी आटोपल्यावर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले एक कुटुंब दोन दिवसांपूर्वीच परतले होते. जाताना त्यांनी कणगीत बियाण्याचे भात भरून तिचे तोंड शेणामातीने लिंपून घेतले होते आणि दाराला कडी लावली होती. परत येऊन पाहतात तर कणगीला तळाशी मुठीएवढे भोक, बाहेर तुसाचा ढीग, आणि उरलेल्या भाताला मुताचा वास. घरची आजी म्हणाली, “बाई, आम्ही तिकडं भट्टीवर घाम गाळत होतो, आणि इकडं उंदीर आमचं बी खात होते.”

पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. बियाणे उधार आणायचे तर कापणीला दीडपटीने फेडावे लागणार. चिडून सुनेने आठवडे बाजारातून उंदीर मारायच्या काळ्या पावडरीची पुडी आणली होती. ती चुलीजवळच्या फळीवर मिठाच्या डब्याशेजारी ठेवलेली होती, आणि खाली दीड वर्षाचे मूल रांगत होते. पुडी आम्ही तिथून उचलायला लावली. त्या दुपारी त्या घरी जे बोलणे झाले, तेच नीट मांडून हा पाठ तयार केला आहे. आपल्यापैकी जे पाड्यांवर जातात त्यांना तो शिकवता येईल, आणि ज्यांचे घर शहरात आहे त्यांनाही तो उपयोगी पडेल.

१. नुकसान किती होते?

घरात राहणारा मोठा उंदीर रोज साधारण १५ ते २० ग्रॅम धान्य खातो. ऐकायला हे मूठभरही वाटत नाही. पण बंद घरात दहा उंदीर असले, तर रोजचे दीडशे ग्रॅम, महिन्याचे साडेचार किलो आणि सहा महिन्यांचे २७ किलो होतात. एक एकर भातलावणीसाठी राबात साधारण १५ ते २० किलो बियाणे पेरावे लागते. म्हणजे कुटुंब भट्टीवर असताना दहा उंदीर एका एकराचे बियाणे सहज संपवतात. शिवाय खाण्यापेक्षा नासाडी अधिक. लेंड्या आणि मूत पडलेले धान्य माणसाच्या पोटात घालण्यासारखे राहत नाही.

त्यांची वाढही झपाट्याने होते. लहान घरउंदराची मादी सुमारे २० दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले देते, आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. दिवाळीला शिरलेल्या एका जोडीची नातवंडे होळीपर्यंत घरात फिरत असतात. म्हणून “एक-दोनच तर आहेत” असे म्हणून स्वस्थ बसू नये.

२. घरात कोण आहे ते ओळखा

रात्री चुलीतली राख भिंतीच्या कडेने पातळ पसरून ठेवावी. सकाळी पावलांवरून आणि शेपटीच्या रेघेवरून ये-जा कुठून होते ते कळते. लेंड्याही पाहाव्यात. तांदळाच्या कणीएवढ्या असतील तर लहान घरउंदीर, सेंटिमीटरभर लांब असतील तर मोठा उंदीर. मोठा उंदीर चढण्यात पटाईत असतो. तो छपरात, वाशांवर राहतो. अंगणात किंवा भिंतीच्या पायाशी मातीचा ढिगारा आणि मोठे बीळ दिसले तर ती घूस. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. तिचे तोंड लांब व टोकदार असते, ती चिंचिं करते आणि घाण वास सोडते, पण मुख्यतः झुरळे व किडे खाते. तिच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये.

इथे एक गोष्ट नम्रपणे सांगायला हवी. उंदरांविषयी पाड्यावरच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. कातकरी बांधव तर पिढ्यान्पिढ्या शेतातली बिळे ओळखून, धूर करून उंदीर पकडत आले आहेत. पाठ शिकवायला बसताना आधी त्यांना विचारावे, मग आपले सांगावे.

३. रोगाचा धोका

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोकांनी गाठींच्या आणि देशाची नासाडी करणाऱ्या उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा केल्या, असे आपण वाचतो. रोग आणि उंदीर ही दोन संकटे तिथे एकत्र आली आहेत. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा घराघरांत आधी उंदीर मरून पडत आणि मग माणसे आजारी पडत. त्याचे कारण १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी शोधून काढले: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडून दुसरे गरम शरीर शोधतात. म्हणूनच मेलेला उंदीर उघड्या हाताने कधी उचलू नये. एकाच वेळी पुष्कळ उंदीर आपोआप मरून पडले, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवावे.

आज पावसाळ्यात आपल्या भागात जास्त धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. भातलावणी करणाऱ्यांचे पाय दिवसभर त्याच पाण्यात असतात. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकते.

आणखी एक धोका सापाचा. उंदरांच्या मागे नाग आणि मण्यार घरात येतात, आणि आपली माणसे जमिनीवर झोपतात. उंदीर कमी झाले की सापाचे येणेही कमी होते. धामण मात्र बिनविषारी असून उंदीर खाते. ती शेतात दिसली तर मारू नये. गव्हाणी घुबडालाही अशुभ म्हणून हाकलू नये. रात्रभर ते आपलेच काम करत असते.

४. पहिले काम: अन्न, आसरा आणि वाट बंद करणे

नुसते उंदीर मारत राहिलो तर रिकाम्या जागेत नवे येतात. म्हणून सुरुवात इथून करावी.

अन्न: रात्री खरकटी भांडी, भाकरीचे तुकडे, कोंबड्यांचे दाणे उघडे ठेवू नयेत. पाण्याचा हंडा झाकावा. सुकी मासळी झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आसरा: सरपणाची मोळी, पेंढा आणि जुनी पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत. सरपण घरापासून काही अंतरावर, दगडांवर रचावे. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

वाट: पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, आणि अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा. कुडाच्या भिंतीतली भोके नुसत्या मातीने बुजवली तर एका रात्रीत पुन्हा उकरली जातात. आधी दगडाची खडी किंवा तारेची जाळी घट्ट ठोसावी, मग वरून लिंपावे. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारावी.

कणगी: जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नये. चार खांबांचा कमरेएवढा उंच माचा करावा आणि तो भिंतीपासून हातभर लांब असावा. प्रत्येक खांबाला वरच्या बाजूला तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा हातभर रुंदीचा, गुळगुळीत बाजू बाहेर करून गुंडाळावा. उंदराची नखे त्यावर धरत नाहीत. माच्याला शिडी किंवा काठी टेकलेली राहू देऊ नये, नाहीतर सारी मेहनत फुकट.

बियाणे मात्र शक्य असेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीतच ठेवावे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला सतत कुरतडावे लागते. गोणपाट, बांबू, पातळ प्लास्टिक त्याला अडवू शकत नाही. कोठीत भरण्याआधी भात चांगले वाळवावे. दाताखाली दाणा ‘कट्’ आवाज करून तुटला पाहिजे. ओले धान्य पत्र्यात बुरसते आणि मग पेरल्यावर उगवत नाही.

५. दुसरे काम: पिंजरा आणि चाप

उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. म्हणून पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवू नये. राखेत पावले दिसली तिथे भिंतीला लागून ठेवावा. चाप लावायचा तर आमिषाची बाजू भिंतीकडे करावी. सुका बोंबील, भाजलेला शेंगदाणा, खोबऱ्याचा तुकडा किंवा तेल लावलेली भाकरी, जे त्या घरात नेहमी असते तेच आमिष चांगले.

मोठा उंदीर संशयी असतो. नवी वस्तू दिसली की तो दोन-चार दिवस तिच्याजवळ जात नाही. म्हणून पहिले तीन दिवस पिंजरा उघडाच ठेवून आत खायला घालावे, चौथ्या रात्री लावावा. एका घरात एक पिंजरा लावून भागत नाही. एकाच रात्री चार-पाच लावावेत. पाड्यावरच्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात काम केले तर फार फरक पडतो, नाहीतर या घरचे त्या घरी जातात. पकडलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडून देणे म्हणजे शेजाऱ्याच्या कणगीत सोडणेच. मेलेला उंदीर हातावर पिशवी चढवून उचलावा, विहिरीपासून दूर खोल पुरावा आणि साबणाने हात धुवावेत.

मांजर असेल तर मदत होते, पण भरल्या कणगीची राखण एकट्या मांजरावर सोडू नये.

६. विषाविषयी

लहान मुले असलेल्या घरात विष आणूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. बाजारात मिळणारी काळी पावडर म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की विषारी वायू तयार होतो, आणि त्यावर उतारा नाही. पिठाच्या गोळीत कालवलेले विष मुलाला खाऊसारखे दिसते. कोंबडी, कुत्रा, मांजरही ते खातात. विष खाल्लेला उंदीर छपरात जाऊन मरतो आणि आठवडाभर घर वासाने भरते. आणि घरात भांडणे, कर्जाची चिंता, दारू असताना रागाच्या एका क्षणी विष हाताशी नसणे हेच बरे. हे बोलायला अवघड आहे, पण गृहभेटीत ते प्रेमाने बोलावे.

कोणाच्या पोटात विष गेल्याचा संशय आला तर उलटी करवू नये. दूध, तेल, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा आणि पुडी सोबत न्यावी. माणूस ठीक दिसतो म्हणून थांबू नये. त्रास काही वेळाने सुरू होतो.

७. आपल्याला काय करता येईल?

त्या कुटुंबाने त्या वर्षी बियाणे उधारच आणले. ते आम्हांला टाळता आले नाही. पण कापणीनंतर भट्टीवर जाण्यापूर्वी त्यांनी पत्र्याची एक कोठी घेतली, ती माच्यावर ठेवली आणि पाड्यावरच राहणाऱ्या काकांना महिन्यातून एकदा घर उघडून पाहायला सांगितले. पुढच्या मे महिन्यात आजीने कोठीचे झाकण उघडून आम्हांला भात दाखवले. राब पेरायला ते पुरले.

ज्यांना मदत करायची आहे त्यांनी औषधाच्या पुड्या पाठवू नयेत. एका घराला एक कोठी आणि एका पाड्याला आळीपाळीने फिरवायला सहा-सात पिंजरे, एवढी मदत फार मोठी आहे. ती दिवाळीच्या सुमारास पोचावी, कारण त्यानंतर घरे बंद होतात.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात उंदीर कुठून येतो? राख पसरून कोणी पाहिले आहे का?
२. बियाणे आणि खाण्याचे धान्य आपण वेगळे ठेवतो का? कुठे?
३. कामासाठी बाहेर जाणाऱ्या घरांवर मागे राहणाऱ्यांपैकी कोण लक्ष ठेवील?
४. घरात विषाची पुडी असेल तर ती आज कुठे आहे? मुलाचा हात तिथे पोचतो का?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर लगेच दुसरा विषय काढू नये. घरी जाऊन पाहून यायला लोकांना वेळ द्यावा.