मे महिन्यातली गोधडी

रत्नागिरीत थायरॉइडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "गो, आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला कसला आलाय थायरॉइड?" माझ्या सासूबाई हेच म्हणाल्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, मिरकरवाड्याला मासे विकणाऱ्या मावशीसुद्धा म्हणाल्या. या समजुतीपायी बायकांची तपासणी लांबते, म्हणून हे लिहायला घेतलं.

माशांत आयोडीन असतं आणि ते कमी पडलं की गलगंड होतो, हे खरंच आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून लोकांना आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं आणि १९६२मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घराघरांत पाकिटातलं मीठ आहे. तरीही थायरॉइड होतो, कारण आता बहुतेकांच्या बाबतीत मूळ वेगळं असतं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२मध्ये हा आजार नोंदवला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. बांगडा-तारली कितीही खाल्ली तरी तो थांबत नाही. आणि मिठागरातल्या खडेमिठाबद्दलही एक सांगते. समुद्राचं म्हणून त्यात भरपूर आयोडीन असेल असं वाटतं, पण ते नावापुरतंच असतं. लोणच्याला, मासे खारवायला ते वापरा, रोजच्या आमटीभाजीत मात्र आयोडीनयुक्त मीठच घाला.

माझी सुरुवात थंडीने झाली. मे महिन्यात इथे अंगाला कपडा नकोसा होतो, घरातली सगळी पंख्याखाली तळमळत असतात, आणि मी गोधडी ओढून पंखा बंद करा म्हणत होते. मग टाचा भेगाळल्या, पोट साफ होईना, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजायला लागल्या. वर्गात पोरं विचारायची, "बाई, घसा बसलाय का?" घसा दुखत नव्हता, आवाजच जाड झाला होता. पाळीचा रक्तस्राव वाढला, हिमोग्लोबिन उतरलं. एका दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्याची गोळी सुरू झाली. "चाळिशी आली, असं व्हायचंच," हेही ऐकलं. प्रत्येक तक्रारीला वेगळं औषध मिळालं, सगळ्या तक्रारी एकत्र कोणी मांडल्या नाहीत.

त्या मांडल्या नंतरच्या एका डॉक्टरांनी. त्यांनी आधी पाण्याचा घोट घ्यायला लावून गळा निरखला. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेमागच्या शिरेवर छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर परत यायला सावकाश, जड जड आलं. "टीएसएच करून घ्या," एवढंच ते म्हणाले. साधारण ४च्या आत असावा असा आकडा ७०च्या वर निघाला. टीएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येतं. गळ्यातली ग्रंथी काम करेना, की मेंदू तिला जास्त जोरात हाक मारतो, म्हणून हा आकडा चढतो.

लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, डोस वाढवला, तरी आकडा म्हणावा तसा उतरेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, लोहाची गोळी कधी घेता? दोन्ही सकाळी, चहाबरोबर. तसं घेऊ नका, हे तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. ती आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत किमान चार तासांचं अंतर हवं. तेवढा बदल केला आणि आकडा खाली यायला लागला. डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची, त्याआधी केलेली फसवी ठरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक जपा. गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका, दमट हवेने गोळ्या खराब होतात. झाकण घट्ट लावा आणि आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगून दोन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्ट चुकतो. थायरॉइडमध्ये कोबी-फ्लॉवर नको म्हणतात, पण शिजवून बेताने खायला काही हरकत नाही. आणि "मुळापासून बरा करतो" म्हणत गोळी बंद करायला सांगणाऱ्या जाहिराती बघून मला संताप येतो. ग्रंथी संपत आली असेल तर गोळी आयुष्यभराची असते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ग्रंथी जास्त काम करते तेव्हा सगळं उलट होतं. आमच्या शेजारणीचं वजन भरपूर खाऊनही उतरत होतं, छाती धडधडायची, मासे कापताना सुरी थरथरायची. आधी घरच्यांना क्षयाची शंका आली. तिला कार्बिमॅझोल दिलं. या गोळ्या चालू असताना ताप आला आणि घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण क्वचित त्या धोकादायकरीत्या घटतात. गोळ्यांनी भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया असते. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून या कामात आहे.

थायरॉइडचा आजार घराण्यात उतरतो, म्हणून बहिणीची आणि लेकीची तपासणी करून घ्या. गोळी चालू असलेल्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो, बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे महिने आईच्याच संप्रेरकावर असते. आणि बाळ झाल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड तपासला का, हे दवाखान्यातून घरी निघायच्या आधी विचारा. जन्मतः दोष असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं तर त्याची बुद्धी वाचते.