लॅपटॉप सुरू होईना तेव्हा

२०२५ च्या पौषात आमच्या नववीच्या मुलामुलींनी एक काम अंगावर घेतले होते. गावच्या मांडावर धालो रंगले, त्या रात्री त्यांनी जागून काढल्या. आणि ज्या वृद्ध स्त्रियांना जात्यावरच्या ओव्या अद्याप मुखोद्गत आहेत, त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर त्यांचे आवाज उतरवून घेतले. सारी मिळून ४२ ध्वनिमुद्रणे झाली. मोबाइलमध्ये जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ती शाळेच्या लॅपटॉपवर ठेवून मोबाइलवरून पुसून टाकण्यात आली. हे पुसून टाकण्याचे काम माझ्याच सांगण्यावरून झाले, हे येथे नमूद करणे मला प्राप्त आहे. पुढे मे महिन्यात त्या वृद्धांपैकी एक आजी निवर्तल्या. त्यांची नात आमच्याच वर्गातली.

जुलैमधल्या एका सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असता, तीच मुलगी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "टीचर, लॅपटॉप चालूच जायना." अशा वेळी आम्हा कोंकणी घरांतल्या माणसांचे शाळेतले मराठी आपोआप गळून पडते. मीही "कितें जालें?" असेच विचारले आणि तिच्यामागून धावले.

मी कलाशाखेची पदवीधर. इतिहास आणि मराठी शिकविणारी. यंत्राचे पोट उघडून पाहण्याचे धाडस माझ्याजवळ नाही. तथापि त्या दिवशी व नंतरच्या आठवड्यात जे शिकले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, असे वाटले. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याच्यावर हा प्रसंग केव्हा तरी येणारच.

पहिली गोष्ट ही की, "सुरू होत नाही" हे रोगाचे वर्णन नव्हे. रोग्याने "मला बरे वाटत नाही" एवढेच म्हटले, तर वैद्य त्याला लागलीच काढा देत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, असे विचारतो. येथेही विचारावयाचे ते हेच, की यंत्र निघाले कोठून आणि थांबले कोठे? हा प्रश्न कळण्यासाठी लॅपटॉप जागा कसा होतो, हे थोडे पाहावे लागेल.

संगणक चालतो तो स्मृतीत भरलेल्या सूचनांवर. पण रॅम ही जी त्याची कामाची स्मृती, ती वीज जाताच कोरी होते. म्हणजे कळ दाबली त्या क्षणी यंत्राच्या कामाच्या स्मृतीत काहीच नसते. सूचना आत आणावयाच्या तर त्या कशा आणावयाच्या, हे सांगणारी सूचना आधी आत हवी! हा पेच संगणकाइतकाच जुना आहे. १९५२ च्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाची एक कळ असे. ती दाबली की बाहेरच्या साधनावरून पहिल्या एकदोन सूचना आत येत आणि त्या पुढच्या सूचनांना बोलावून घेत. १९७५ मध्ये निघालेल्या अल्टेअर ८८०० या लहान संगणकाच्या मालकाचे हाल तर याहून अधिक. दर्शनी भागावर खटक्यांची एक रांग. ते वरखाली करून पहिल्या सूचना स्वतःच्या बोटांनी भरावयाच्या, आणि मग त्यांच्या आधाराने कागदी फितीवरून पुढचा भाग आत घ्यावयाचा. एक खटका चुकला की पुनश्च हरिः ॐ. आपल्या पायातल्या बुटाचे बंद धरून आपणच आपल्याला वर उचलणे, अशी एक अशक्य करामतीची कल्पना इंग्रजीत आहे. तीवरून या क्रियेला 'बूट होणे' हे नाव पडले. लाथेशी त्याचा संबंध नाही, जरी पुष्कळांना तसा मोह होतो.

आजच्या लॅपटॉपात ही पहिली सूचना मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची लिहून ठेवलेली असते. तिचे जुने नाव बायोस. नव्या यंत्रांत तिच्या जागी युईएफआय आली आहे. आपली शाळा सकाळी कशी उघडते ते आठवा. आधी फाटक उघडते. शिपाईमामा वर्गावर्गांतून फिरून सारे ठीक आहे ना ते पाहतात. मग कपाटाची किल्ली लावून हजेरीपट काढतात. त्यानंतर मुख्याध्यापक येऊन कारभार हाती घेतात आणि मग कोठे तास सुरू होतात. लॅपटॉपात वीज हे फाटक, ती चिप म्हणजे शिपाईमामा, डिस्क हे कपाट आणि विंडोजसारखी संचालन प्रणाली म्हणजे मुख्याध्यापक. एखाद्या दिवशी शाळा भरली नाही तर फाटकाला कुलूप आहे, की मामा आत आहेत पण कपाट उघडत नाही, की मुख्याध्यापक दारापर्यंत येऊन परत फिरले, हे पाहिल्यावाचून तुम्ही कोणाला दोष द्याल?

फाटकच बंद असेल, म्हणजे दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, तर चूक बहुधा विजेच्या वाटेवर असते. भिंतीतले बटण, चार्जरची वायर, जिथे ती वाकते तिथे तुटली आहे काय, हे पाहावे. शक्य तर तशाच जातीचा दुसरा चार्जर लावून बघावा. मग चार्जर काढून, कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी आणि सोडावी. आत साठून राहिलेली वीज त्याने उतरते, आणि कित्येक लॅपटॉप एवढ्यानेच शुद्धीवर येतात. हा उपाय मला जादूटोण्यासारखा वाटे. पण तो खरा आहे.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? मग खोलीत अंधार करून पडद्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा पाडावा. अक्षरे अंधुक दिसली तर यंत्र जागे आहे, मागचा उजेड तेवढा गेला आहे; अशा लॅपटॉपला घरचा टीव्ही जोडून काम निभावता येते. काही दिसलेच नाही, आणि ठरावीक टीटी असा आवाज अथवा दिव्याची ठरावीक उघडझाप होऊ लागली, तर ती शिपाईमामांची तक्रार समजावी. फिरून पाहताना त्यांना काही तरी, पुष्कळदा रॅम, बिघडलेली आढळली आहे. आवाज किती वेळा झाला ते मोजून लिहून ठेवावे. दुरुस्ती करणाराला तो आकडा आपल्या दहा वाक्यांहून उपयोगी पडतो, कारण प्रत्येक कंपनीने त्याचे अर्थ ठरवून दिलेले असतात.

कपाटाच्या पायरीवर अडले तर पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाचे शब्द उमटतात. त्यांनी घाबरून जाण्यापूर्वी लॅपटॉपला एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय, ते पाहावे. यंत्र कधी कधी त्यालाच कपाट समजून रिकाम्या खणात हजेरीपट शोधीत बसते. पेन ड्राइव्ह काढूनही तेच शब्द आले, आणि आतून टक्‌टक् असा ठोका ऐकू येऊ लागला, तर मात्र हात आवरावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून येणारा तो आवाज शुभ नव्हे. पुन्हा पुन्हा कळ दाबून तिला फिरवीत राहणे म्हणजे मोडलेल्या पायाने रोग्याला चालावयास लावणे.

आमचा लॅपटॉप शेवटच्या पायरीवर अडला होता. कंपनीचे चिन्ह येई, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरे, मग निळा पडदा येऊन यंत्र स्वतःच बंद होई व पुनः सुरू होई. कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. आदल्या दिवशी विंडोज आपले अद्यतन करीत असता वीज गेली होती. लॅपटॉपला बॅटरी असते खरी, पण आमची केव्हाच निकामी झाली होती आणि 'वायर लावली की चालते ना' म्हणून आम्ही ती बदलली नव्हती. मुख्याध्यापक अर्धा कारभार हाती घेऊन उंबरठ्यावर उभे, अशी स्थिती.

या पायरीवरच्या बिघाडाचे एक प्रचंड उदाहरण जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे संरक्षक सॉफ्टवेअर असंख्य कचेऱ्यांतील संगणकांवर बसविलेले होते. तिने धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लक्ष विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. विमाने खोळंबली, आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. वास्तविक कंपनीने ती फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली होती. मग संकट एवढे लांबले का? उत्तर त्या बुटाच्या बंदातच आहे. सुधारलेली फाइल आत घ्यावयाची तर यंत्र आधी जागे व्हावयास हवे. आणि ते तर जागेच होत नव्हते! अखेर पुष्कळ ठिकाणी माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून, ते 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढाच कारभार चालू ठेवून, उघडले आणि ती एक फाइल हाताने पुसली. यंत्रांचे अवयव सारे धडधाकट होते, ही गोष्ट ध्यानात घ्या.

विंडोज दोनतीन वेळा अर्ध्यावर थांबले की बहुधा आपण होऊन दुरुस्तीचा फलक पुढे करते. आमच्या लॅपटॉपनेही केला. भोवती जमलेल्या मुलांना हायसे वाटले. एका उत्साही मुलाने भराभर वाचून 'रीसेट धिस पीसी' हे पहिलेच कलम निवडलेसुद्धा. पुढे दोन पर्याय आले: फाइली राखून नवे करणे, अथवा सर्व काढून टाकणे. "टीचर, सगळें काडूया, म्हणजे एकदम साफ जातलें," असे म्हणत त्याने बोट पुढे केले. मी त्याचा हात धरला. आयुष्यात विद्यार्थ्याचा हात इतक्या जोराने मी कधी धरला नसेल.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सर्व काढून टाकले असते तर लॅपटॉप बहुधा तासाभरात सुरू झाला असता. दुपारी ज्या दुकानात चौकशी केली तेथील कारागिरानेही तेच सांगितले: "फॉरमॅट मारावा लागेल." त्याच्या दृष्टीने ग्राहकाचे यंत्र चालू झाले की काम झाले. पण यंत्र चालू करणे आणि यंत्रातले वाचविणे ही दोन कामे आहेत, आणि कित्येकदा पहिले केल्याने दुसरे कायमचे बुडते. लॅपटॉप बाजारात मिळतो. त्या आजींच्या ओव्या कोणत्या बाजारातून आणणार?

आमचा एक माजी विद्यार्थी डिप्लोमा करीत आहे, त्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "कुठपर्यंत येऊन थांबतो?" संध्याकाळी तो एक पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यावर उबुंटू नावाची दुसरी संचालन प्रणाली होती. ती डिस्कवर न बसविता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालविता येते. कळ दाबताच एक विशिष्ट बटण दाबून (कोठे ते एफ १२ असते, कोठे एफ २, एस्केप वा डिलीट) त्याने शिपाईमामांना सांगितले की, आज कपाटाऐवजी हा हजेरीपट घ्या. आमचे मुख्याध्यापक उंबरठ्यावरच राहिले आणि पाहुण्या मुख्याध्यापकांनी शाळा उघडली! डिस्कवरील आमच्या फाइली समोर दिसू लागल्या.

येथे एक सावधगिरीची सूचना. नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा डिस्क कूटबद्ध, म्हणजे कुलपात असते. बिटलॉकर नावाचे ते कुलूप ४८ अंकी किल्लीवाचून उघडत नाही, आणि दुरुस्तीच्या वाटेवर ती किल्ली मागितली जाते. बहुधा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. यंत्र धड असतानाच ती शोधून वहीत लिहून ठेवावी; ती वही मात्र लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नये. आमचा लॅपटॉप जुना, म्हणून या फेऱ्यातून सुटलो.

फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरू लागल्या. एक्केचाळीस उतरल्या. एक मात्र दर वेळी निम्म्यावर अडे, आणि डिस्कमधून तो ठोका हलकेच ऐकू येई. म्हणजे विजेचे निमित्त झाले होते. डिस्कही आतून थकलेली होती. अडकलेले ते ध्वनिमुद्रण मांडावरच्या गलक्याचे होते. त्यातली गीते इतरत्र आली आहेत. तरीही ते गेल्याची हळहळ मला अद्याप आहे.

त्यानंतरच त्या मुलाने दुरुस्तीच्या फलकावर जाऊन, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून शेवटचे अद्यतन काढून टाकले. विंडोज उघडले. पुढच्या आठवड्यात डिस्क आणि बॅटरी दोन्ही बदलल्या. ध्वनिमुद्रणांच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, आणि त्यांतली एक शाळेच्या बाहेर आहे.

त्या संध्याकाळी, प्रती झाल्यावर, फाइल धड आहे ना हे पाहण्यासाठी आजींची एक ओवी लावली. ओवी संपल्यावर क्षणभर जात्याची घरघर तशीच चालू राहते, मग थांबते, आणि आजी नातीला विचारतात, "जालें मगे, बाय?" ती मुलगी लॅपटॉपकडे पाहत हळूच "जालें" म्हणाली, आणि आपला पेन ड्राइव्ह माझ्यापुढे केला.