शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष रुग्णाला मोठ्या समाधानाचे जाते. दर महिन्याला काटा खाली सरकतो, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना लागणारी धाप थांबते, आणि पूर्वी टोमणे मारणारे नातेवाईकच आता कौतुक करू लागतात. या उपचारासंबंधीची बहुतेक माहितीपत्रके येथेच संपतात. रुग्णाला मात्र त्यानंतर वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जगावयाचे असते. या प्रकरणात त्या पुढील वर्षांचा विचार करावयाचा आहे.

आरंभी शस्त्रक्रियेने शरीरात नेमके काय बदलते ते थोडक्यात पाहू. प्रौढ माणसाच्या जठरात एका वेळी सुमारे एक ते दीड लिटर अन्न मावू शकते. ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात. उरलेले जठर अरुंद नळीसारखे दिसते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटर मावेल एवढी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, आणि अन्न उरलेल्या जठराला व आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जाते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा मूळ आराखडा अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये अमलात आणला. स्लीव्ह ही स्वतंत्र उपचार म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली, आणि आज जगात तीच सर्वाधिक केली जाते.

पिशवी लहान केली म्हणून माणूस कमी खातो, एवढेच स्पष्टीकरण पूर्वी दिले जाई. ते अपुरे आहे. जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते व ते मेंदूला भुकेचा निरोप पोहोचवते. जपानी संशोधकांनी 1999 मध्ये त्याचा शोध लावला. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढून टाकतात तेथेच हे संप्रेरक मुख्यतः तयार होते. शिवाय दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि तृप्तीचा निरोप देणारी जीएलपी-1 यांसारखी संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणून पहिल्या वर्षी रुग्ण म्हणतो, “मला भूकच लागत नाही.” हे त्याचे म्हणणे खरे असते. पुढे ते तितकेसे खरे राहत नाही, आणि आपल्या विषयाचा आरंभ तेथून होतो.

या प्रश्नावर सर्वांत दीर्घ काळ चाललेला अभ्यास स्वीडनमधला आहे. 1987 मध्ये तेथे लार्स शोस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करून घेणारे 2,010 आणि न करणारे पण वय, वजन इत्यादी बाबतींत त्यांच्याशी मिळतेजुळते असे 2,037 स्थूल रुग्ण निवडून त्यांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. निवड 2001 पर्यंत चालू होती. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे वजन दोन वर्षांनी सरासरी 23 टक्क्यांनी घटलेले होते. दहा वर्षांनी ही घट 17 टक्के, पंधरा वर्षांनी 16 टक्के आणि वीस वर्षांनी 18 टक्के होती. दुसऱ्या गटाचे वजन या सर्व काळात जवळजवळ जागच्या जागी राहिले. केवळ बायपास झालेल्यांचे आकडे पाहिले तर पहिल्या एक-दोन वर्षांत 32 टक्के घट आणि दहा वर्षांनी 25 टक्के, असे दिसते.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एका शिक्षिकेचे वजन 120 किलो होते. बायपासनंतर दीड वर्षात ते 82 किलोच्या आसपास येईल. दहाव्या वर्षी ते 90 किलो असेल. आता या बाईंकडे दोन प्रकारे पाहता येते. शेजारीण म्हणेल, “आठ किलो वाढले की हो परत!” वैद्य म्हणेल, तीस किलो कमी झालेले वजन दहा वर्षे टिकले आहे. शेजारणीचे बोलणे रोज कानी पडते; वैद्याची भेट वर्षातून एकदा, तीही झाली तर. बाईंच्या मनात कोणते घर करून राहील ते सांगावयास नको.

सरासरीच्या आड अर्थातच मोठी तफावत दडलेली असते. काहींचे वजन वीस वर्षे हलत नाही, तर काहींचे जवळजवळ पूर्वपदावर येते. मधुमेहाच्या बाबतीतही असेच आढळले. स्वीडनमधल्या ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह होता त्यांपैकी 72 टक्के रुग्णांत दोन वर्षांनी तो मागे हटलेला होता; दहा वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक ठरले. लाभ खरा आहे, तो काळानुसार थोडा झिजतो, आणि ही झीज रुग्णाने व वैद्याने आधीच हिशेबात धरावयाची असते.

वजन परत का वाढते? मला येथे थोडा आग्रह धरावासा वाटतो, कारण या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘जिभेवर ताबा नाही’ हे आहे, आणि त्याने फार नुकसान झाले आहे. घटलेले वजन शरीर दुष्काळाचे चिन्ह समजते. भूक वाढवणे आणि खर्च आवरणे हे दोन्ही उपाय ते एकाच वेळी योजते. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत भाग घेतलेल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली व तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. विश्रांत अवस्थेतील त्यांचा उष्मांकांचा खर्च त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे 500 उष्मांकांनी कमी भरला. म्हणजे साधारण दोन माणसे शेजारी बसून सारखेच जेवली, तर त्यांतील पूर्वी स्थूल असलेल्याच्या अंगी अधिक लागणार. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली नव्हती. शस्त्रक्रिया ही ओढ पुष्कळशी सैल करते, पण नाहीशी करीत नाही. दुसऱ्या वर्षानंतर जठर थोडे अधिक अन्न सामावून घेऊ लागते आणि भूकही हळूहळू परतते.

त्यात आहाराची एक गंमत आहे, आणि तिला गंमत म्हणावे की फसवणूक असा प्रश्न पडतो. लहान पिशवीत घट्ट व चावून खाण्याचे अन्न अडून राहते आणि तृप्ती देते. मऊ, पातळ किंवा तोंडात विरघळणारे अन्न तेथे थांबतच नाही. उसळ, मासा, पनीर, उकडलेले अंडे यांची अर्धी वाटी खाल्ली की रुग्णाला पुरे होते. चहात बुडवलेली बिस्किटे, शेव-चिवडा, आइस्क्रीम, सरबत, गोड लस्सी ही मात्र विनातक्रार उतरत जातात. शंभर ग्रॅम शेवेत 500 हून अधिक उष्मांक असतात आणि ती दुपारभर येताजाता तोंडात टाकली तर पोट भरल्याची जाणीव क्षणभरही होत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षांनी वजन वाढलेल्या अनेक रुग्णांची तक्रार असते की आपण जेवतो तर चिमणीएवढे! ते खोटे बोलत नाहीत. जेवण चिमणीएवढेच असते. तोंड मात्र दिवसभर चालू असते.

आपल्या देशातील निरनिराळ्या प्रांतांच्या ताटाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. दक्षिणेत रसम्-भात किंवा ताक-भात पातळ कालवून खाण्याची रीत आहे. तो भात लवकर घसरतो. तेथेच सुंदल, मोड आलेले कडधान्य, केरळातील काळ्या हरभऱ्यांची आमटी हे थांबणारे पदार्थही आहेत. बंगालात मासा ताटात असतोच, तो भाताच्या आधी खावयाचा एवढाच बदल. बिहारमधील सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा असल्यामुळे प्रथिनांनी समृद्ध आहे. पण पाण्यात पातळ करून प्यायला तर तृप्ती कमी, घट्ट मळून चटणी-कांद्याबरोबर खाल्ला तर अधिक. पंजाबातील राजमा आणि पनीर ठेवावेत, पराठ्यावरचे लोणी व गोड लस्सी कमी करावी. गुजरातेतील फरसाणाबद्दल वर सांगितलेच. तेथील मूग मात्र उत्तम. महाराष्ट्रात उपवासाला साबुदाणा खातात. त्यात पिठूळ पदार्थाखेरीज जवळजवळ काही नसते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी शेंगदाणे, दही, दूध यांवर भर द्यावा. नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे पाळावयाचे असतील तर आधी वैद्याशी बोलणे इष्ट, कारण या रुग्णांच्या शरीरात पाण्याची कमतरता लवकर होते.

क्रम असा ठेवावा: आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर पोळी किंवा भात. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, कारण त्याबरोबर अन्न लवकर पुढे ढकलले जाते. घास बारीक चावून जेवणास वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. बायपास झालेल्यांनी गोडाधोडापासून दूर राहण्यास आणखी एक कारण आहे: साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, पोटात कळ व जुलाब असा त्रास होतो. पुष्कळांच्या बाबतीत हा त्रास काही वर्षांनी सौम्य होतो, आणि मग एक पहारेकरी कमी होतो.

प्रथिनांचे प्रमाण दिवसाला किमान 60 ग्रॅम असावे असे सांगितले जाते. मांसाहारी माणसाला ते जमते. शाकाहाऱ्याला थोडा हिशेब करावा लागतो. साठ ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणातून सुमारे 14 ग्रॅम, 400 मिलिलिटर दूध किंवा दह्यातून 13, पन्नास ग्रॅम पनीरमधून 9, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 15 आणि तीस ग्रॅम हरभऱ्यातून 6 ग्रॅम मिळतात. ही बेरीज 57 होते आणि दोन लहान पोळ्यांनी ती साठच्या पुढे जाते. एवढे अन्न दोन जेवणांत बसत नाही. ठरलेल्या वेळी चार-पाच वेळा खावे लागते. ठरलेल्या वेळी चार वेळा खाणे आणि दिवसभर तोंड चालवणे यांत अंतर आहे, ते ध्यानात ठेवावे.

कमतरतांचा विषय याहून गंभीर आहे, कारण त्या काट्यावर दिसत नाहीत. बी-12 या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बंद करणाऱ्याला लगेच काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागतात, जीभ लाल होते, चालताना तोल जातो. मज्जातंतूंची ही हानी वेळेवर न ओळखल्यास कायमची होऊ शकते. बी-12 प्राणिज अन्नातच असल्यामुळे शाकाहारी रुग्णाला धोका अधिक. लोहाचे शोषण मुख्यतः आतड्याच्या ज्या भागात होते तोच बायपासमध्ये वगळला जातो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा देशात या शस्त्रक्रियेनंतर लोहाची गोळी सोडून देणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीला दुसरे भोक पाडणे होय. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळीपासूनही तिला दोन तासांचे अंतर द्यावे. ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम हाडांसाठी जन्मभर लागतात. सतत उलट्या होत असतील तर थायमिनची कमतरता काही आठवड्यांतच मेंदूला इजा करू शकते. तेथे वाट पाहू नये. मद्याविषयी एवढेच सांगतो की बायपासनंतर ते रक्तात फार वेगाने चढते, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे.

व्यायामाने वजन फारसे घटत नाही, पण घटलेले टिकवण्यास त्याची मदत होते. रोज तासाभराचे चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम एवढे पुरे.

आता वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेकडे परत येऊ. आठ किलोंपैकी पहिले तीन वाढले तेव्हा त्यांनी काटा पलंगाखाली सरकवला. पाच झाले तेव्हा वार्षिक तपासणीची तारीख टाळली, “डॉक्टर काय म्हणतील?” हा विचार त्यांच्या मनात आला. तपासणी टळली तशी औषधाच्या दुकानातील चिठ्ठी जुनी झाली आणि गोळ्याही थांबल्या. सहाव्या वर्षी त्या एका अपरिचित दवाखान्यात पायांच्या मुंग्या घेऊन गेल्या, आणि शस्त्रक्रियेचा उल्लेख त्यांनी केलाच नाही. ही व्यक्ती काल्पनिक आहे, पण या घटनांचा क्रम वैद्यांच्या परिचयाचा आहे. जेव्हा मदतीची गरज सर्वांत अधिक असते नेमके तेव्हाच लाज माणसाला दारापासून परत फिरवते. याचा दोष एकट्या रुग्णावर टाकता येणार नाही. वाढलेल्या वजनाचे स्वागत उपदेशाने करणारा वैद्यही त्यात वाटेकरी आहे.

परतून आलेल्या रुग्णासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. पिशवी किंवा जोड रुंद झाला आहे का हे दुर्बिणीने पाहता येते. थायरॉइड, झोपेतील श्वासाचे विकार, वजन वाढवणारी काही मनोविकारावरील औषधे यांचा शोध घेता येतो. जीएलपी-1 च्या धर्तीवर काम करणारी सेमाग्लूटाइडसारखी औषधे आता उपलब्ध आहेत. त्याच वर्गातील टिर्झेपटाइड 2025 मध्ये भारताच्या बाजारात आले. शस्त्रक्रियेनंतर परतलेले वजन त्यांनी कमी होते, परंतु ती थांबवली की वजन पुन्हा चढू लागते, आणि ती महागही आहेत. दुसरी शस्त्रक्रिया हा मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवावयाचा उपाय आहे.

काट्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उभे राहावे आणि आकडा वहीत लिहावा. नीचांकापेक्षा तीन किलो वाढ दिसली की महिनाभर खाण्याची नोंद ठेवून आहारतज्ज्ञाकडे जावे. दहा किलोंची वाट पाहू नये. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम व पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी करावी, मग वजन कितीही असो. शस्त्रक्रियेचे नाव, प्रकार व तारीख लिहिलेला कागद जवळ बाळगावा आणि दाताच्या डॉक्टरासह प्रत्येकाला दाखवावा. बायपास झालेल्या माणसाला सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके दिली तर जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो; आणि दहा वर्षांनंतरही त्याला पोटात अकस्मात तीव्र कळ आली, तर आतडे आतल्या आत अडकले असण्याची शक्यता तपासणाऱ्याच्या ध्यानात यावी लागते. अपरिचित दवाखान्यात रात्री दोन वाजता तो कागदच ही माहिती देतो.