आवणीच्या हंगामांतील पटकी

बोरघाटाच्या रेल्वेचें काम 1856 सालीं सुरू होऊन 1863 सालीं पुरें झालें. ऐन भरांत तेथें चाळीस हजारांवर माणसें राबत होतीं, आणि त्यांच्या झोपड्यांच्या तळांवर पटकीनें असंख्य बळी घेतले. रोग्याचा मळ ओढ्यांत वा विहिरींत उतरला, कीं तेंच पाणी पिणारांस हा रोग होतो. आज आपल्या मावळांत आवणीस बाहेरचे मजूर येतात, खाचरांलगत पालें ठोकून राहतात आणि जवळच्या झऱ्याचेंच पाणी पितात. ही त्या तळांची लहान आवृत्तीच होय. तिची जबाबदारी ज्याचें शेत त्याची आहे.

पटकीचे जुलाब एकाएकीं व बहुधा पोटांत न दुखतां सुरू होतात. ताप सहसा नसतो. मळ तांदळाच्या धुवणासारखा दिसतो. भातकऱ्यास ही खूण निराळी सांगावयास नको. मग वांत्या होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळे खोल जातात, चिमटींत धरून सोडलेली कातडी तशीच उभी राहते आणि लघवी बंद होते. उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूस कांहीं तासांत दगावतो.

तो दगावतो तो अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. तरीही जुलाबांत पाणी तोडण्याची खुळी चाल कांहीं घरांतून अजून आहे. 1971 सालीं पश्चिम बंगालमधील बनगाव येथें निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं रोग्यांस मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी तोंडानें पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेकडा सुमारें 30 वरून 4 च्या खालीं आलें. म्हणून क्षारसंजीवनीचीं पाकिटें घरांत ठेवावीं. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यांत विरघळवावें. पाकीट नसल्यास तितक्याच पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मोठ्या माणसास दर जुलाबानंतर पेलाभर द्यावें. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून चमच्याचमच्यानें पुन्हा सुरू करावें. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते. तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध तोडूं नये. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मात्र देऊं नयेत. रोगी गळून गेला, पिईनासा झाला, तर 108 वर गाडी बोलवावी. त्यास शिरेंतून सलाईन लागतें. वाटेंतही पाजणें चालूं ठेवावें. मरीआईस नैवेद्य न्यावयाचा तर खुशाल न्यावा. पण रोग्यास दवाखान्यांत पोंचविल्यावर.

विहिरीच्या शुद्धीचा हिशेब सोपा आहे. व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785. मापें मीटरमध्यें घेतल्यास उत्तर लिटरांत येतें. दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरींत तीन मीटर पाणी असल्यास सुमारें 95 ग्रॅम. पावडर बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळी विहिरींत सोडून पोहऱ्यानें पाणी ढवळावें, आणि निदान तासभर कोणी उपसूं नये. हें रात्रीं केलेलें बरें. पावडर घट्ट झांकणाच्या डब्यांतच ठेवावी. आषाढांतील मावळच्या दमट हवेंत उघड्या पुड्याचें बळ लवकर उतरतें.