माहितीपट्टीचे वाचन : सुट्या भागांतून जोडलेले युद्धकालीन ट्रक

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि नाणी आठवतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी ट्रकच्या केबिनमध्ये बसवलेली धातूची माहितीपट्टी हेही तसेच एक साधन होय. ती कशी वाचावी, याचा एक पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

कॅनडातील विंडसर येथे फोर्डने आणि ओशावा येथे जनरल मोटर्सने ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी समान लष्करी आराखड्याचे लाखो ट्रक बनविले. तयार ट्रक जहाजात फार जागा अडवतो. म्हणून त्यांपैकी पुष्कळसे सुट्या भागांच्या रूपाने, लाकडी खोक्यांत भरून पाठविले जात. या पद्धतीस 'सी.के.डी.' असे नाव होते. मुंबईला हे काम नवे नव्हते. फोर्डची भारतीय कंपनी 1926 मध्ये स्थापन झाली होती, तर 1928 पासून शिवडी येथे जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना चालू होता.

पट्टीवर किंवा कागदपत्रांत 'सी 60 एल' अशी खूण आढळली, असे समजू. 'सी' म्हणजे शेव्हरोले. फोर्डसाठी 'एफ' हे अक्षर असे. 60 हा आकडा सालाचा नव्हे, अश्वशक्तीचाही नव्हे. तो भारक्षमतेचा आहे. एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड. त्यामुळे 60 हंड्रेडवेट म्हणजे 6,720 पौंड, अर्थात 3 ब्रिटिश टन किंवा सुमारे 3,048 किलो. 'एल' म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांतील लांब अंतर, 158 इंच. 'एस' असल्यास ते 134 इंच. बोनेटवर रंगविलेला 'एल' मात्र निराळा. तो सैन्याने दिलेल्या क्रमांकाचा भाग असून लॉरी हा वर्ग दर्शवितो.

तारखेबाबत अधिक सावध राहावे लागते. सुट्या भागांच्या ट्रकला तीन तारखा संभवतात : भाग तयार झाल्याची, जोडणीची आणि सैन्याच्या ताब्यात दिल्याची. मध्ये समुद्रप्रवास असल्याने त्यांत महिन्यांचे अंतर पडू शकते. अमेरिकन ट्रकांच्या पट्टीवर ताबा दिल्याच्या तारखेचा स्वतंत्र रकाना आढळतो. म्हणून तारखेआधी रकान्याचे शीर्षक वाचावे.

इंजिन आणि चासी यांचे क्रमांक एकाच क्रमातले नसले, तरी तेवढ्यावरून बनावटीचा निष्कर्ष काढू नये. अनेक ट्रकांचे भाग एकत्र आले असता, हाती येईल ते इंजिन हाती येईल त्या चासीवर बसणे स्वाभाविक होते. उलट, पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते. म्हणून पट्टीवरील क्रमांक चासीवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन साधनांची साक्ष जुळली, तरच विधान करावे.

ताम्रपटावर दात्याचे नाव असते, तो कोरणाऱ्याचेही कधी कधी असते. या पट्टीवर कंपनीचे नाव आहे. खोकी फोडून, नटबोल्ट आवळून ट्रक उभा करणाऱ्या कामगारांचे नाही. त्यांचा इतिहास अन्यत्र शोधावा लागेल. आपल्या घरातील आजोबा-पणजोबा त्या काळी मुंबईच्या गोदीत वा मोटार कारखान्यात कामाला असतील, तर त्यांचा हजेरीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी आणि सांगितलेल्या आठवणी जपून ठेवाव्यात, तारखेसह लिहून काढाव्यात, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. पट्टीवरील रिकामी जागा त्यातूनच भरता येईल.